मागचा ट्रॅव्हल वाढवला आणि दर पावसाळ्यात टायर फ्रेमला घासू लागला: कारण आणि उपाय

लक्षण आधी सांगतो. मागच्या शॉकअपचा स्ट्रोक (तो किती दबतो ते) आणि त्यासोबत ट्रॅव्हल (मागचं चाक किती वर येऊ शकतं ते) वाढवलेली माउंटन बाइक उन्हाळाभर छान चालते. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की खड्ड्यातून जाताना किंवा रपट्यावरून उतरताना मागून ‘घर्र’ असा आवाज येतो आणि लगेच थांबतो. सपाट रस्त्यावर काहीच नाही. सायकल धुतली, बोल्ट कसले, हवा भरली की चार दिवस शांतता. शेताकडे एक चक्कर झाली की परत तेच. दिवाळीच्या सुमारास आवाज आपोआप बंद होतो आणि आपल्याला वाटतं, चला, दुरुस्त झालं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा सुरू.

माझ्याकडे हे सलग दोन पावसाळे चाललं. त्या काळात मी बुश बदलले, बोल्टना थ्रेड लॉक लावलं, शॉकअपची सर्व्हिस करून घेतली, फ्रेमला जाड टेप चिकटवला. पैसा गेला, आवाज राहिला. कारण सापडलं तेव्हा लक्षात आलं की यातल्या एकाही भागाचा दोष नव्हता. मी वाढवलेल्या ट्रॅव्हलला फ्रेममध्ये जागाच पुरत नव्हती, आणि ती पुरत नाही हे फक्त आपली काळी माती ओली झाल्यावर दिसत होतं.

मी परतवाड्याजवळच्या एका गावात राहतो. महिन्यातून दोनदा चिखलदऱ्याचा घाट, बाकीचे दिवस पांदण रस्ते, संत्र्याच्या बागांमधल्या वाटा आणि नाल्याचा काठ. सायकल जुनी घेतलेली, 29 इंची चाकांची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची. मागचा ट्रॅव्हल 130 मिमी आणि शॉकअप हवेचा, 210 × 50 मापाचा. यातला पहिला आकडा दोन्ही टोकांच्या छिद्रांमधलं अंतर आणि दुसरा स्ट्रोक, म्हणजे शॉकअप किती दबतो ते. 130 ला 50 ने भागलं की 2.6 येतं. शॉकअप 1 मिमी दबला की मागचं चाक सरासरी 2.6 मिमी वर येतं, असा त्याचा अर्थ. याला लिव्हरेज रेशो म्हणतात आणि ट्रॅव्हल वाढवण्याचा सगळा हिशेब याच्यावरच चालतो.

210 लांबीचा शॉकअप 50, 52.5 आणि 55 अशा तिन्ही स्ट्रोकमध्ये मिळतो. बाहेरून तिन्ही सारखेच. फरक आत घातलेल्या छोट्या प्लास्टिकच्या स्पेसरचा असतो, तो काढला की स्ट्रोक वाढतो. मी 55 करून घेतला. 55 गुणिले 2.6 म्हणजे 143. शॉकअपची लांबी तीच, त्यामुळे सायकलची उंची आणि हँडलचा कोन जसाच्या तसा, आणि वर 13 मिमी ट्रॅव्हल जास्त. कागदावर याहून चांगला सौदा दिसत नाही. खरं तर बऱ्याच फ्रेममध्ये शेवटाकडे लिव्हरेज कमी होत जातं, म्हणून प्रत्यक्षात 11-12 मिमीच मिळतात. तेही घाटातल्या दगडी उतारावर जाणवतात, हे मी मान्य करतो. ट्रॅव्हल वाढवूच नका असं माझं म्हणणं नाही. तो कुठे जाणार आहे ते आधी पाहा, एवढंच सांगायचं आहे.

आता आवाज ओळखण्याबद्दल, कारण मागून येणारे तीन आवाज एकमेकांत मिसळले जातात आणि तिथेच बहुतेकांचा वेळ जातो.

‘कट-कट’ असा धातूचा आवाज, पॅडल मारताना किंवा सायकल सीटला धरून उचलताना येणारा, हा बुशचा किंवा सैल बोल्टचा असतो. सीट धरून मागचं चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढंच उचला आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या टोकाशी ठेवा. चाल असेल तर बोटाला कळते. हा वेगळा रोग आहे, बुश बदलला की जातो.

सतत येणारी घासणी, चाक फिरेल तशी, सपाट रस्त्यावरही, ही टायरच्या बाजूंची. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे दोन दांडे जिथे जवळ येतात तिथे चिखल साचतो आणि टायरच्या बगला घासतात. याचा ट्रॅव्हलशी काही संबंध नाही. टायर रुंद आहे, बस.

तिसरी आपली. फक्त धक्का बसला की येणारी, अर्ध्या सेकंदाची. सायकल उलटी करा, मागचं चाक काढा आणि पॅडलच्या वर, सीट पाइपच्या मागच्या अंगाला बॅटरी मारून पाहा. माझ्या फ्रेमवर तिथे पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेचा रंग उडून चकचकीत धातू दिसत होता, आणि त्यात उभे बारीक ओरखडे. टायरच्या रबराने असे ओरखडे पडत नाहीत. रबराने रंग काळवंडतो. ओरखडे खड्यांचे होते. हे मी पहिल्याच पावसाळ्यात पाहिलं होतं, पण त्यातून काय कळतं ते समजलं नाही. वाटलं, चिखल उडून लागत असेल.

समजलं ते पडल्यावर. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, पाऊस उघडून एक दिवस झालेला. आमच्या वावराकडे जाताना नाल्यावर रपटा आहे, तो संपल्यावर हातभर खाली उतरण. तिथे मागचं चाक एकदम जाम झालं. ब्रेक लावलेला नव्हता. सायकल आडवी होऊन मी धुऱ्यावरून तुरीत गेलो. मनगट सुजलं, बाकी निभावलं. उठून पाहिलं तर सीट पाइप आणि टायरच्या मधे मातीचा गोळा ठासून बसलेला, आणि त्या गोळ्यात सुपारीएवढी गिट्टी. काडीने निघेना, दगडाने ठोकून काढावी लागली.

शेजारच्या वावरातले काका वखर धरून उभे होते. ते आले, चाक हाताने फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “चाकापुरती जागा हाय बाप्पा, मातीपुरती कुठी हाय? आमी वखराले मांगून जागा सोडतो ते काहून सोडतो मंग?” दोन वर्षं मी जो प्रश्न मेकॅनिकला विचारत होतो त्याचं उत्तर तिथे मिळालं.

घरी येऊन पहिल्यांदा ती जागा मोजली. ही पद्धत तुम्हीही वापरा, यात काहीच खर्च नाही. शॉकअपमधली सगळी हवा सोडा. सोडताना व्हॉल्व्ह थोडा थोडा दाबा आणि मधेमधे सायकल हळू दाबत राहा, म्हणजे आतल्या दुसऱ्या कप्प्यातली हवाही निघते. मग आईकडून पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा मागून आणा. जिथे रंग उडालाय तिथे सीट पाइपवर तो थापा, समोरच्या टायरला जरा तेलाचं बोट लावा म्हणजे कणीक टायरला चिकटून निघणार नाही. आता सीटवर पोटाने भार देऊन शॉकअप पूर्ण तळाला जाईपर्यंत दाबा. सोडा. कणकेत टायरच्या नक्षीचा ठसा उमटलेला असतो. सर्वांत पातळ जागी सुईने टोचून खोली मोजा.

माझी कणीक 4 मिमी उरली होती. याउलट, शॉकअप 50 चा असताना हीच जागा 13 मिमी होती. ते कळलं स्पेसर परत घालून मोजल्यावर.

चार मिमी सुद्धा खरे चार नाहीत. आपण हळू दाबतो तेव्हा शॉकअपच्या तळाचा रबरी बंपर फारसा दबत नाही. उडी मारून खाली आल्यावर तो दबतो, फ्रेमही थोडी लवते, टायर बाजूला सरकतो. कणकेने दाखवलेल्या जागेतले दोन-तीन मिमी त्यात जातात. म्हणजे कोरड्या उन्हाळ्यातही माझा टायर फ्रेमपासून केसभर अंतरावरून जात होता आणि मला पत्ता नव्हता.

आणि माती? दुसऱ्या दिवशी त्याच पांदणीत दोनशे पावलं सायकल ढकलत नेली आणि टायरवरचा थर मोजला. 12 मिमी.

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. भर पावसात हीच माती पातळ चिखल होते, टायरवर बसत नाही, गळून जाते. पूर्ण वाळली की ढेकूळ होते, तीही चिकटत नाही. सर्वांत वाईट काळ मधला, पाऊस उघडल्यापासून वाफसा येईपर्यंतचा. बैलगाडीच्या चाकालाही तेव्हाच थर बसतो. शेतकरी वाफशाआधी वावरात औत घालत नाही. मी मात्र नेमका तेव्हाच, “पाऊस थांबला” म्हणून सायकल बाहेर काढत होतो. मुरमाच्या रस्त्यावर किंवा घाटात हा त्रास कधीच झाला नाही, म्हणून कारण शोधायला इतका वेळ लागला. पुण्या-मुंबईकडचे जे लोक हाच बदल करून समाधानी आहेत ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वाटेवर ही माती नाही.

एवढ्याने भागत नव्हतं. चिखल तर टायरवर सगळ्यांच्याच बसतो, पण पावसाळ्यात शॉकअप तळाला वारंवार का जात होता, हे कोडं राहिलंच होतं. ते हवेचं निघालं. मी शॉकअपमध्ये हवा मेमध्ये, नवतप्यात, दुपारी अंगणात भरायचो. बाहेर 43 अंश, आकडा 180 पीएसआय. बंद डब्यातली हवा थंड झाली की दाब उतरतो. जून सरताना 25 अंशावर तोच शॉकअप साधारण 169 वर येतो, गळती एक थेंबाचीही नसताना. डिसेंबरच्या पहाटे 15 अंशावर 163. म्हणजे नेमका चिखल सुरू होतो तेव्हा शॉकअप मऊ झालेला असतो आणि तळ गाठायला तयार असतो. पंप लावून तपासलं तर आणखी गोंधळ, कारण पंपाच्या नळीत थोडी हवा जाते आणि आकडा नेहमीच कमी दिसतो. त्यापेक्षा सॅगवर, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉकअप जेवढा दबतो त्यावर, भरवसा ठेवा. शॉकअपच्या दांडीवरची रबरी रिंग वर सरकवा, नेहमीच्या कपड्यांत, पाण्याची बाटली वगैरे घेऊन सायकलवर बसा, न उसळता उतरा, रिंग किती सरकली ते मोजा. पाऊस लागला की एकदा आणि थंडी पडली की एकदा, हे करायचंच.

इथे माझी एक मोठी चूक झाली होती, ती सांगतो कारण ही अनेकांच्या हातून होते. 50 च्या स्ट्रोकवर माझा सॅग 15 मिमी, म्हणजे 30 टक्के. स्पेसर काढून 55 केल्यावर तोच 15 मिमी 27 टक्के झाला. मला वाटलं, सॅग कमी झाला, हवा उतरवायला हवी. उतरवून 16.5 मिमी केला. खरं म्हणजे स्प्रिंग होती तीच होती, मिलिमीटरही तेच होते. टक्केवारी बदलली ती खालचा आकडा बदलला म्हणून. मी हवा काढून शॉकअप मुद्दाम मऊ केला आणि जागा आधीच तंग असलेल्या फ्रेमवर त्याला जास्त वेळा आपटू दिलं. स्ट्रोक वाढवलात तर सॅग आधीच्याच मिलिमीटरवर ठेवून सुरुवात करा. मग चालवून ठरवा.

शेवटी केलं काय, तर 2.5 मिमीचा स्पेसर परत आत घातला, म्हणजे स्ट्रोक 52.5. ट्रॅव्हल साधारण 136. कणीक 9 मिमी. मागचा टायर 2.4 इंच रुंदीचा होता, तो जूनमध्ये काढून 2.25 चा, मोकळ्या नक्षीचा लावतो. गुट्ट्या एकमेकींपासून दूर दूर असल्या की माती फेकली जाते, दाट नक्षीत ती भरून बसते. त्याने आणखी साडेतीन-चार मिमी मिळतात आणि दांड्यांच्या मधेही जागा होते. आता पावसाळ्यात जवळपास 13, म्हणजे कंपनीने सोडली होती तितकीच. याशिवाय हवेच्या डब्यात एक व्हॉल्यूम स्पेसर घातला. हा वेगळा, याने स्ट्रोक कमी होत नाही, आतली जागा कमी होते आणि शेवटचा भाग कडक होतो. सुरुवातीची मऊ चाल तशीच राहते, तळ मात्र सहज लागत नाही. माझं वजन 72 किलो, मला एक पुरला.

स्पेसरचं काम स्वतः करायचं असेल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. काही शॉकअपमध्ये हवेचा डबा काढला की स्ट्रोकचा स्पेसर हाताला लागतो. काहींत त्यासाठी डॅम्पर (शॉकअपची चाल आवरणारा आतला भाग) उघडावा लागतो, आणि त्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो. तो घरी उघडायचा नाही, मी माझा नागपूरला पाठवला. दुसरं, हवा सोडल्यावर शॉकअप दाबला आणि तो दबलेलाच राहिला, परत वर आला नाही, तर डबा फिरवायला जाऊ नका. आत हवा अडकलेली असते आणि डबा सुटला तर तो गोळीसारखा सुटतो. असा शॉकअप जाणकाराकडेच न्या.

कणीक लावून शॉकअप तळाला दाबलेला असतानाच आणखी तीन ठिकाणी नजर टाका. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर टाकून पाहा. चाक वर येतं तशी चेन ताणली जाते, आणि वाढलेल्या ट्रॅव्हलमध्ये ती पूर्ण ताणली गेली तर डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मोडू शकतो. माझ्या चेनमध्ये एक जोडी कड्यांची वाढवावी लागली. मागच्या ब्रेकची नळी ओढली जात नाही ना ते पाहा. आणि सीट खाली केलेली असताना टायर सीटच्या पोटाला लागतो का, हेही. माझ्यासाठी लागत नव्हता, पण धाकटा भाऊ सीट पूर्ण खाली घेऊन चालवतो, त्याच्या सीटचं कापड खालून फाटलेलं निघालं. लहान मापाच्या फ्रेमवर 29 इंची चाक असेल तर याची शक्यता जास्त.

गावातल्या पोरांच्या ‘डबल शॉकर’ सायकलींबद्दलही सांगायला हवं, कारण मला जास्त प्रश्न त्याचेच येतात. त्या सायकलींना 150 मिमी लांबीचा स्प्रिंगचा शॉकअप असतो. तो काढून 165 चा घालतात. मागून सायकल उंच दिसते, बसायला ऐटदार वाटतं. पण लांब शॉकअप म्हणजे जास्त स्ट्रोक असं नाही. 15 मिमी लांबी वाढवली आणि लिव्हरेज दोन जरी धरलं तरी मागची बाजू 30 मिमी उचलली जाते, सगळी सायकल पुढे झुकते, हँडल उतारावर चंचल होतं आणि पेडलिंग करताना अंग पुढे ढकललं जातं. ट्रॅव्हल तेवढाच राहतो. कोणी फ्रेमला नवं छिद्र पाडून किंवा पट्टी वेल्ड करून शॉकअपची जागा सरकवतो. लोखंडी फ्रेमवर ते कसंबसं टिकतं. अ‍ॅल्युमिनियमवर कृपा करून करू नका. त्या फ्रेमला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते, वेल्डिंगच्या तापाने ती त्या जागी जाते आणि पुन्हा तशी प्रक्रिया केल्याशिवाय परत येत नाही. आमच्या इथल्या लेथवाल्याने मला स्वतः नकार दिला होता. “भाऊ, मी लावून देईन, पन तू घाटात उतरशीन तवा मले झोप नाही येनार,” म्हणाला. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

धुताना पाइपचा जोरदार फवारा शॉकअपच्या सीलवर आणि बेअरिंगवर मारू नका. काळी माती बारीक असते, पाण्यासोबत सीलच्या आत जाते आणि दांडीवरचं पॉलिश खाते. मी ओल्या चिखलाला हात लावत नाही. बादलीने पाणी ओतून पंधरा मिनिटं भिजू देतो, मग मऊ ब्रश. सीट पाइपच्या मागची जागा आणि चिमट्याचा पूल बांबूच्या काडीने साफ करतो. ती काडी आता फ्रेमच्या पिशवीतच असते, वाटेत दर नाल्यापाशी उतरून फिरवतो. हवेच्या डब्याची साफसफाई रॉकशॉक्ससारखी कंपनी 50 तासांनी सांगते, पावसाळ्यात मी 30 तासांनीच करतो.

या वर्षी जूनच्या सुरुवातीला रंग उडालेल्या जागेवर पांढऱ्या टेपचा चौकोनी तुकडा लावला होता, घासलं तर खूण उठावी म्हणून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाक काढून पाहिलं. मातीचे शिंतोडे होते, ओल्या फडक्याने पुसले. खाली टेप कोरा होता. कणीक पुन्हा लावली, 12.5 मिमी. टेप तसाच ठेवलाय, दिवाळीला परत पाहीन.